नवा चष्मा, जुने फोन आणि दहा आठवड्यांची सुट्टी

प्रश्न : ताई, माझी कॉमर्सच्या दुसऱ्या वर्षाची परीक्षा संपली. आता दहा आठवडे सुट्टी. मला नव्या गॅजेट्सचं भयंकर वेड आहे. कुठला फोन, घड्याळ, हेडसेट येणार असला की मी रात्री जागून लाँच बघते, फीचर्स तोंडपाठ करते. घरात कुणाचंही काही बिघडलं की ते माझ्याकडेच येतं. शिकवण्या घेऊन मी थोडे पैसे साठवलेत. एका नव्या स्मार्ट चष्म्याचं प्री-बुकिंग सुरू झालंय. पहिल्याच खेपेत तो घ्यावा आणि सुट्टीभर त्याचे व्हिडिओ करावेत, असं मनात आहे. पैसे थोडे कमी पडतात, ते हप्त्यांवर भागतील. बाबा म्हणतात, हे खूळ सोड आणि अकाउंटिंगचा कोर्स नाहीतर इंटर्नशिप कर. आई म्हणते, पैसे बँकेत ठेव. दादा म्हणतो, नव्याचे नऊ दिवस. खरंच हे वेड वाईट आहे का? आणि सुट्टीत मी काय करू?

उत्तर : चष्मा आत्ता बुक करू नकोस. हप्त्यांवर तर मुळीच नको. हे आधीच सांगून टाकते, कारण प्री-बुकिंगची मुदत डोक्यात असताना पुढचं काही नीट वाचून होणार नाही. पण बाबा म्हणतात म्हणून वेडही सोडू नकोस. उलट या सुट्टीत ते आणखी खोल जावं, असं मला मनापासून वाटतं. तू आत्तापर्यंत वस्तू बाजारात येताना बघत आलीस. आता बाजारात येऊन गेलेल्या वस्तूंकडे बघ.

पहिली खेप का नको, ते सांगते. कंपनी आपल्या इमारतीत हजार चाचण्या घेते, पण खिशातली धूळ, घाम, लहान मुलांचे हात, लोकांच्या सवयी हे सगळं वस्तू विकली गेल्यावरच समोर येतं. सॅमसंगचा पहिला घडीचा फोन, गॅलेक्सी फोल्ड, एप्रिल 2019 मध्ये विक्रीला येणार होता. त्याआधी समीक्षकांना दिलेल्या काही फोनचे पडदे काही दिवसांतच बिघडले. पडद्यावरचा थर हा नेहमीचा स्क्रीनगार्ड आहे असं समजून काहींनी तो सोलून काढला, तर एकाच्या फोनमध्ये बिजागरीच्या फटीतून कचरा आत गेला. कंपनीने विक्री लांबवली, त्या थराच्या कडा चौकटीखाली नेल्या, बिजागरीच्या टोकांना झाकणं बसवली आणि सप्टेंबरमध्ये फोन आणला. इतक्या मोठ्या कंपनीला हे आधी दिसलं नव्हतं.

आयफोनचं उदाहरण तर तुझ्यासाठी मुद्दाम आठवलं. पहिला आयफोन 29 जून 2007 ला विक्रीला आला. त्यात बाहेरची अ‍ॅप्स टाकायची सोयच नव्हती, अ‍ॅप स्टोअर आलं जुलै 2008 मध्ये. मजकूर कॉपी-पेस्ट करायची सोय 2009 मध्ये आली. आणि 5 सप्टेंबर 2007 ला, म्हणजे जेमतेम तुझ्या सुट्टीएवढ्या काळात, कंपनीने त्याची किंमत एक तृतीयांशाने उतरवली. आधी घेतलेले लोक इतके चिडले की त्यांना नंतर थोडी भरपाई द्यावी लागली. फोन चांगलाच होता, त्याने पुढे सगळं बदललं. पण पहिल्या रात्री रांगेत उभं राहिल्याने त्यातलं काहीही जास्त मिळालं नाही.

चष्म्यांतही हेच चाललंय. रे-बॅन मेटा चष्मा 2023 मध्ये आला तेव्हा त्याची बॅटरी जास्तीत जास्त चार तास चालेल असं कंपनी सांगत होती. 2025 मध्ये त्याचीच पुढची आवृत्ती आली, तिचा दावा आठ तासांचा आहे. वर्ष-दोन वर्षं थांबणाऱ्याला तीच वस्तू दुप्पट चालणारी मिळते. हे क्षेत्र अजून इतकं कोवळं आहे की तिथे उतावळेपणाची किंमत सगळ्यात जास्त.

आता तुझ्या दुसऱ्या प्रश्नाकडे येते, मला तोच जास्त महत्त्वाचा वाटतो. वेड वाईट आहे का?

दोन वस्तूंच्या गोष्टी ऐक. ह्युमेन नावाच्या कंपनीने एप्रिल 2024 मध्ये कपड्यांवर लावायची एक पिन आणली. पडदा नाही, बोलायचं आणि ती उत्तर देणार, तळहातावर अक्षरं उमटवणार. लाँच पाहिलं असशील तर तुलाही ती हवीहवीशी वाटली असेल. फेब्रुवारी 2025 मध्ये कंपनीने आपला बराचसा कारभार एचपीला विकला आणि 28 फेब्रुवारीला पिनचे सर्व्हर, म्हणजे इंटरनेटवरून तिला चालवणारे कंपनीचे संगणक, बंद केले. फोन, मेसेज, प्रश्नोत्तरं सगळं त्या दिवशी थांबलं. ज्यांनी उत्साहाने पहिल्या खेपेत घेतली होती, त्यांच्याकडे वर्षभरही न वापरलेली आणि काहीही बिघाड नसलेली, पण निरुपयोगी वस्तू उरली.

दुसरी गोष्ट पेबल नावाच्या स्मार्ट घड्याळाची. 2012 मध्ये लोकांनी क्राउडफंडिंगवर पैसे भरून ते घडवून आणलं, 2013 पासून ते लोकांच्या हातात पडू लागलं. 2016 च्या अखेरीस ही कंपनीही बंद झाली आणि तिचा काही भाग फिटबिट या फिटनेस-घड्याळांच्या कंपनीने घेतला. 2018 मध्ये तिचेही सर्व्हर बंद झाले. पण हे घड्याळ वापरणाऱ्यांत अशी बरीच मंडळी होती, ज्यांनी त्यासाठी स्वतः छोटी अ‍ॅप्स लिहिली होती, ते आतून कसं चालतं हे समजून घेतलं होतं. त्यांनी रेबल नावाने एकत्र येऊन स्वतःचे सर्व्हर उभे केले आणि घड्याळं चालू ठेवली. फिटबिट पुढे गूगलकडे गेली, आणि जानेवारी 2025 मध्ये गूगलने त्या घड्याळाच्या सॉफ्टवेअरचा मूळ कोड सगळ्यांसाठी खुला केला. त्यानंतर पेबलच्या मूळ संस्थापकाने तशीच नवी घड्याळं करायला घेतली.

वेड दोन्हीकडे होतं. पिन घेणाऱ्यांना ती आतून समजून घ्यायला फारसा वावच ठेवलेला नव्हता, म्हणून त्यांचं वेड कंपनीबरोबर संपलं. पेबलवाल्यांचं वेड कंपनी संपल्यावरही कामाला आलं, कारण त्यांना ती वस्तू कळली होती. तुझं वेड या दुसऱ्या जातीचं होऊ शकतं. घरातलं बिघडलेलं सगळं तुझ्याकडे येतं, हे तू पत्रात जाता जाता लिहिलंस, पण माझ्या दृष्टीने पूर्ण पत्रात तेच वाक्य मोलाचं आहे.

मग सुट्टीत काय? तू कॉमर्सची आहेस म्हणून गॅजेटच्या जगात तू फक्त ग्राहक, असं तुला कुठेतरी वाटत असावं. मला याच्या नेमकं उलट वाटतं. गॅजेटवर बोलणारे बहुतेक जण फोन हाती आल्यापासून आठवड्याभरात आपलं मत देऊन मोकळे होतात. त्यांचा दोष नाही. कंपनी त्यांना वस्तू थोडे दिवस आधी देते आणि ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या तासाला सगळ्यांची परीक्षणं एकदम बाहेर पडतात. पण तीच वस्तू दोन वर्षांनी कशी आहे, हे सांगणारे फार थोडे. आणि वस्तूची किंमत वर्षागणिक कशी झिजते, हे मोजायची पद्धत तू वर्गात शिकलीच आहेस. घसारा!

घरातली आणि ओळखीपाळखीच्या लोकांची गॅजेट्स गोळा कर. म्हणजे वस्तू नव्हेत, त्यांची माहिती. कधी घेतली, कितीला घेतली, आज विकायला काढली तर किती येतील, रोज किती तास वापरात आहे, सॉफ्टवेअर अपडेट कधीपर्यंत मिळणार, दुरुस्तीवर किती गेले. एक स्प्रेडशीट कर. मग बस हिशोबाला. दरवर्षी सारखाच घसारा धरला तर काय दिसतं? उरलेल्या किमतीवर टक्क्यांनी धरला तर खऱ्या बाजाराशी जास्त जुळतो का? फोनची किंमत पहिल्या वर्षात सगळ्यात जोरात घसरते, हे ऐकून माहीत असतं, पण स्वतःच्या घरातल्या आकड्यांत ते बघणं वेगळंच. शिवाय वस्तूचं उपयुक्त आयुष्य किती धरायचं, हा प्रश्न अलीकडे फार रंगतदार झालाय. ऑक्टोबर 2023 मध्ये गूगलने पिक्सेल 8 फोनला आणि जानेवारी 2024 मध्ये सॅमसंगने गॅलेक्सी एस 24 फोनला सात वर्षं अपडेट द्यायचं कबूल केलं. पण बॅटरी सात वर्षं टिकेल का?

ते तू स्वतः तपास. जुना फोन घे, पूर्ण चार्ज कर, फ्लाइट मोडवर टाक, ब्राइटनेस मधोमध ठेव, आपोआप बदलणारा ब्राइटनेस बंद कर. एकच व्हिडिओ पुन्हा पुन्हा चालू राहील असं कर आणि फोन बंद पडेपर्यंत किती वेळ गेला ते लिही. हेच आणखी दोनदा कर, कारण एका वेळच्या आकड्यावर विश्वास ठेवायचा नसतो. त्याच मॉडेलचा कमी वापरलेला फोन कुणाकडे असेल तर त्यावरही तीच चाचणी घे. सेटिंगमध्ये चार्जिंग सायकलचा आकडा दिसत असेल तर तोही टिपून ठेव. सायकल म्हणजे चार्जर लावल्याची संख्या नव्हे. आज पन्नास टक्के वापरलं आणि उद्या पन्नास टक्के, की एक सायकल झाली. अ‍ॅपलचं म्हणणं असं, की आयफोन 14 पर्यंतच्या बॅटऱ्या 500 सायकलनंतर 80 टक्के क्षमता राखतील अशा केल्यात, आणि आयफोन 15 पासूनच्या 1000 सायकलनंतर. आयफोन कुणाकडे असेलच. हा दावा तुझ्या वहीत उतरतो का बघ.

व्हिडिओ याचे कर. नव्या चष्म्याचे व्हिडिओ त्या आठवड्यात ढिगाने असतील आणि त्यांत तुझा कुणाला सापडणारही नाही. ‘हा फोन तीन वर्षांनी महिन्याला केवढ्याला पडला’ हे सांगणारी कॉमर्सची मुलगी मात्र मी तरी अजून पाहिलेली नाही. आणि बाबांना हवा असलेला हिशोबाचा सराव यात आपसूक होतो.

आता दुसरं काम, खास तुझ्या हेडसेट आणि चष्म्यांच्या हौसेसाठी. एक छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड, म्हणजे प्रोग्रॅम टाकता येणारा तळहाताएवढा संगणक, घे. आर्डुइनो चालेल, ईएसपी 32 ही चालेल. सोबत एमपीयू 6050 नावाचा हालचाल मोजणारा सेन्सर घे. हेडसेटला मान कुठे वळली हे कळतं ते अशाच सेन्सरमुळे. नखाएवढी चिप एका छोट्या पट्टीवर असते. बोर्डाला जोडायला चार वायरी लागतात. आर्डुइनो 2005 मध्ये इटलीतल्या इव्रेआ गावच्या एका डिझाइन संस्थेत जन्माला आला तोच मुळी इलेक्ट्रॉनिक्स न शिकलेल्या विद्यार्थ्यांसाठी, तेव्हा बिचकू नकोस.

सेन्सर किती वेगाने वळतोय, हे तो अंश प्रति सेकंदात सांगतो. ते आकडे वेळेनुसार बेरीज करत गेलं की किती वळला हे कळतं. तसा प्रोग्रॅम लिही (नमुने भरपूर मिळतील) आणि सेन्सर टेबलावर ठेवून हात काढून घे. पडद्यावरचा कोन हळूहळू सरकत राहील. वस्तू जागची हललेली नाही आणि सेन्सर सांगतोय, मी वळतोय. त्याच्या मोजण्यातली बारीकशी चूक प्रत्येक क्षणी बेरजेत मिसळत जाते, म्हणून असं होतं. मग त्याच चिपमधला दुसरा मापक, अ‍ॅक्सेलरोमीटर, वापर. त्याला गुरुत्वाकर्षणाची दिशा कळते, त्यामुळे मान वर-खाली झुकल्याची चूक तो दुरुस्त करतो. डावी-उजवीकडे वळल्याची चूक मात्र त्याला दिसत नाही, कारण तसं वळताना ‘खाली’ कुठे आहे ते बदलतच नाही. तिथे दुसरं काहीतरी लागतं. 2016 च्या ऑक्युलस रिफ्ट या डोळ्यांवर लावायच्या व्हीआर हेडसेटला त्यासाठी टेबलावर वेगळा सेन्सर उभा करावा लागे. त्याच कंपनीच्या 2019 च्या क्वेस्टमध्ये हेडसेटवरच चार कॅमेरे बसवले आणि ते खोलीकडे बघून ही चूक सुधारू लागले. हे सगळं तू लाँचमध्ये एखाद्या भारदस्त नावाने ऐकलं असशील. टेबलावरचा तो सरकणारा आकडा एकदा पाहिलास की पुढचा प्रत्येक हेडसेट तुला वेगळा दिसेल.

तिसरं, बिघडलेल्या वस्तू उघडण्याबद्दल. जरूर उघड, पण मी सांगते ते पाळ. फुगलेल्या बॅटरीला हात लावायचा नाही. ती टोचली किंवा वाकली तर पेट घेऊ शकते, तिची विल्हेवाट जाणकाराकडूनच. थेट विजेवर चालणारं, म्हणजे मायक्रोवेव्ह, जुना टीव्ही, चार्जर, यातलं काहीही उघडायचं नाही. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागात, घातक चार्ज राहू शकतो. फोन उघडलास तर सगळ्यात आधी बॅटरीचा कनेक्टर सोडव. आणि कोऱ्या कागदावर फोनची आकृती काढून प्रत्येक स्क्रू ज्या जागेचा, त्या जागी चिकटपट्टीने लाव. स्क्रू दिसायला सारखे असतात पण लांबीला वेगळे, आणि लांब स्क्रू आखूड स्क्रूच्या जागी पिळला की खालचा बोर्ड कायमचा जाऊ शकतो. एखाद्या मोबाइल दुरुस्त करणाऱ्याकडे दिवसाचे दोन-तीन तास मदतीला बसता आलं तर यातलं निम्मं तिथेच शिकशील. मी तर त्यालाच इंटर्नशिप म्हणेन.

घरच्यांबद्दल थोडं. आईचं अर्धं ऐक. आत्ता लागतील तेवढे बोर्ड-सेन्सरपुरते पैसे काढ, बाकीचे राहू देत. दादाच्या नऊ दिवसांना उत्तर द्यायच्या भानगडीत पडू नकोस. बाबांशी मात्र भांडू नकोस. त्यांना तू रात्री पडद्यासमोर दिसतेस आणि सकाळी उशिरा उठलेली दिसतेस. त्यावरून त्यांनी ‘खूळ’ म्हटलं तर त्यात काय चुकलं? त्यांच्याकडे चार आठवडे माग. चौथ्या आठवड्याच्या शेवटी घरातल्या सगळ्या गॅजेट्सच्या घसाऱ्याचा तक्ता त्यांच्यापुढे ठेव, त्यात त्यांचा स्वतःचा फोनही असू दे. तोवर दाखवण्यासारखं काही झालं नसेल तर उरलेले सहा आठवडे त्यांचा कोर्स कर, तेवढं तरी प्रामाणिकपणे कबूल कर.

आणि चष्मा? सुट्टी संपताना पुन्हा विचार कर. तोवर लोकांनी तो दोन महिने वापरलेला असेल. कुठे डेमो मिळाला तर पंधरा मिनिटं घालून बघ, नाकावर आणि कानांमागे किती भार पडतो ते बघ. फोन जोडलेला नसेल, इंटरनेट नसेल, तर तो काय काय करतो हे विचार. कंपनीने सर्व्हर बंद केला तर त्यातलं काय चालू राहील, हेही विचार. आणि एक गोष्ट फीचर्सच्या यादीत कधीच नसते. गूगल ग्लास हा कॅमेरा असलेला चष्मा 2013 मध्ये निवडक लोकांना मिळाला आणि जानेवारी 2015 मध्ये सर्वसामान्यांसाठी त्याची विक्री थांबली. त्यामागे तांत्रिक कारणं होतीच, पण समोरच्या माणसाच्या डोळ्यांवर कॅमेरा आहे हे लोकांना सहन होत नव्हतं, कित्येक ठिकाणी तो घालून आत यायला बंदी होती. आजच्या कॅमेऱ्याच्या बहुतेक चष्म्यांवर चित्रीकरण चालू असल्याचा दिवा असतो. तरीही तुझ्या मैत्रिणींना, शिकवणीला येणाऱ्या मुलांच्या आईवडिलांना आधी विचार, की मी हा घालून तुमच्यासमोर बसले तर चालेल का. त्यांची उत्तरं ऐकून चष्मा घेण्याचा उत्साह वाढेल किंवा कमी होईल. दोन्ही चालेल. स्वतःच्या कमाईतून, हप्त्यांशिवाय, सगळं कळून घेतलास, तर मी तुला एका शब्दाने अडवणार नाही.

राहिली ती रात्रीची जागरणं. लाँचचा अख्खा कार्यक्रम सकाळी बघायला मिळतो, आणि सकाळी तो हवा तिथे थांबवता येतो. बॅटरीचा मोठा आकडा झळकेल तेव्हा थांबव आणि पडद्याच्या तळाशी आलेली बारीक अक्षरं वाच. किती ब्राइटनेसवर, कुठलं काम करताना, कुठल्या परिस्थितीत तो आकडा मिळाला, ते बहुतेक वेळा तिथेच लिहिलेलं असतं. वहीत वेगळं पान कर. डावीकडे मोठा आकडा लिही, उजवीकडे ती बारीक अक्षरं, आणि तिसरा रकाना आत्ता रिकामा सोड. वस्तू कुणाकडे वर्षभर वापरून झाली की तो भरायचा.